डोळ्यांवर दोन बोटं उजेड

...अगं, तेच तर सांगतेय मी, की तिला कोणी हात धरून बसवलं नाही. तीच रुसून बसली. पण ते शेवटचं झालं, आधीचं आधी लिही. लिहितेस ना? माझी धाकटी बहीण, म्हणजे तुझी मावशीआजी. सगळे तिला धाकटीच म्हणतात, नातवंडं झाली तरी धाकटीच. तर या धाकटीचं काम काय, विचार. उभं राहणं. हसतेस काय? उभं राहायचंच काम असतं ते. सिनेमात.

सिनेमात म्हणजे पडद्यावर नाही हं. पडद्यावर एवढ्या वर्षांत तिचं नखसुद्धा दिसलेलं नाही. काय असतं, ती हिरॉईन असते ना, तिला सगळे मॅडम म्हणतात. त्या मॅडमच्या तोंडावर दिवे नीट पडायला हवेत. ते दिवे जमवता जमवता सकाळची दुपार होते. तेवढा वेळ मॅडम कशाला उभ्या राहतील? दिवे तापतात, पावडर ओघळते, मॅडमचं डोकं चढतं. म्हणून त्यांच्याच उंचीची, त्यांच्याच अंगलटीची दुसरी बाई आणायची आणि त्या जागी उभी करायची. तिच्यावर दिवे जमवायचे, तिच्यावर कॅमेरा जमवायचा, आणि सगळं जमलं की तिला सांगायचं, व्हा बाजूला. मग मॅडम येणार, त्याच खुणेवर उभ्या राहणार. स्वयंपाक एकीनं करायचा आणि ताटावर दुसरीनं बसायचं, तसलं काम.

पण धाकटी त्यात पटाईत. एकदा उभी राहिली की नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. तिथे तिला सगळे ‘खांब’ म्हणायचे. ‘खांब आला का?’ ‘खांबाला पाणी द्या रे.’ हिलाही राग नाही, उलट मान ताठ. तिचा नवरा पूर्वी बस चालवायचा, आता खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या कुठे चुकतात ते बघतो. तो म्हणायचा, ‘घरात एका जागी दोन मिनिटं टिकत नाही ही, आणि म्हणे खांब! भिंगरी म्हणायला हवं.’

वर्षं गेली. मॅडम बदलल्या. एकीचं लग्न झालं, एक परदेशी गेली, एक जाड झाली. धाकटी आपली तिथेच. केस पिकले, तर टोप घातला. तोंडाला सुरकुत्या पडल्या, तर तोंडाला कोण विचारतंय? उंची जुळली म्हणजे झालं. पण केसांना टोप असतो, उंचीला टोप नसतो ना गं. घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

आणि तिला ते काम एवढं का हवं होतं, तेही लिही, नाहीतर लोकांना वाटायचं म्हातारीला सिनेमाचं वेड. तसं नाही. तिची सून भली आहे. पण तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. प्रेमानंच घेतलं हो, पण घेतलं. ‘आई, तुम्ही बसा.’ ‘आई, राहू द्या, मी करते.’ ‘आई, पाय दुखतील, बसा बघू.’ दिवसभर बसा, बसा, बसा. साऱ्या जगात एकच जागा अशी, की तिथे माणसं तिला म्हणायची, ‘मावशी, उभ्या राहा, तुमच्यावाचून अडलंय.’ ती मला म्हणायची, ‘ताई, बसायचं तेव्हा मी आपणहून बसेन. मला कोणी बसवायचं नाही.’

आता गंमत ऐक. एकदा काय झालं, तिच्या घरात वरच्या फळीवर साखरेचा डबा असायचा. हिनं हात वर केला, तर डब्याला बोटच लागेना. झालं, लागली सुनेच्या मागे. ‘तू फळी वर ठोकून घेतलीस, मला विचारलंसुद्धा नाहीस.’ ती बिचारी म्हणते, ‘आई, फळीला हात लावला नाही हो.’ ‘मग डबा मागे सरकवलास.’ ‘नाही हो आई.’ खिडकीतून नवरा म्हणाला, ‘फळी वर गेली नाही. तू खाली आलीस.’

तिनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने परत रस्त्यावरच्या गाड्या बघायला घेतल्या. पण दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती उठली. मग हळूच जाऊन दाराच्या कडीला पाठ लावून उभी राहिली. पूर्वी कडी खांद्याच्या हाडाला लागायची. आता मानेला लागली.

मला तिनं फोनवर सांगितलं, ‘ताई, माणूस खचतो म्हणतात ना, ते खरंच खचतो गं. इमारतीसारखा.’

मी म्हटलं, ‘अगं, सगळेच उतरतात वयात. मीही उतरले.’

‘तुझं काय गं, तुला कुठे दिव्यासमोर उभं राहायचंय!’ आणि फोन ठेवला. बघ, आपणच फोन करायचा आणि आपणच ठेवायचा.

मग तिनं काय करावं? एखादी शहाणी असती तर जाऊन सांगितलं असतं, की बाबांनो, मी थोडी उतरलेय. पण सांगितलं की बसवलं, ही तिची भीती. तिनं नवऱ्याचा जुना लोकरी कोट काढला आणि कात्रीनं त्याचे पायाच्या आकाराचे तुकडे कापले. एकावर एक रचून बुटात घातले. बंद बूट, आतलं कोणाला दिसणार? मग कडीला पाठ लावून बघितली, हाडाला लागेपर्यंत तुकडे घातले. बाई खूश. नवरा कपाटात कोट शोधतोय, आणि त्या कोटावर उभी राहून ही त्याला विचारतेय, ‘नीट बघा, तुम्हीच कुठेतरी विसरून आला असाल.’

तेवढ्यात तो सिनेमा आला. भीतीचा. खुनाबिनाचा असतो ना, तसा. त्याचा डायरेक्टर म्हणजे काडीपैलवान माणूस, सतत पेन्सिल चावणार. त्याचं खरं नाव काय कोण जाणे, सगळे पाठीमागे त्याला ‘पुन्हा’ म्हणायचे. कारण दुसरा शब्दच नाही तोंडात. माणूस दारातून आला, पुन्हा. पाणी प्यायला, पुन्हा. शिंकला, तरी पुन्हा. आणि दिव्यांवर होते शिडीमामा. हे धाकटीच्या बरोबरीनं कामाला लागलेले जुने माणूस. जन्म शिडीवर गेला, म्हणून शिडीमामा.

एका मोठ्या गोदामात खोटं घर बांधलं होतं. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत खिडक्यांना, झरोक्यांना काळी कापडं ठोकून भर दुपारी अंधार केलेला. आणि काढायचं काय, तर सिनेमाची पहिली पाच मिनिटं. एक बाई संध्याकाळी स्वतःच्या घरी येते. एवढंच. कोणी मरत नाही, कोणी ओरडत नाही, बाई फक्त घरात शिरते. आणि त्याला दिवसांमागून दिवस! धाकटी घरी येऊन पाय दाबत म्हणायची, ‘मी एवढ्या वेळात सगळ्या गल्लीच्या घरात शिरून आले असते.’

तिला मुळात ती बाईच पटत नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिनं पुन्हाला गाठलं.

‘साहेब, एक विचारू?’

‘विचारा मावशी.’

‘घर या बाईचंच ना?’

‘तिचंच.’

‘किल्ली तिचीच?’

‘तिचीच.’

‘मग आत आली की बटण का दाबत नाही? आमच्या घरी आधी बटण, मग चपला.’

पुन्हानं पेन्सिल तोंडातून काढली. ‘मावशी, बटण दाबलं तर सिनेमा संपला.’

‘मग बरंच की. माणसं वेळेत घरी जातील.’

सगळे हसले. पण पुन्हा चिडला नाही हं. त्याने तिला कॅमेऱ्यापाशी नेलं. कॅमेरा होता घराच्या आतल्या बोळाच्या टोकाला, पार जमिनीवर, मांजर बसतं तेवढ्या उंचीवर. म्हणाला, ‘इथे वाका आणि बघा.’ ती कशीबशी वाकली. म्हणे, तिथून घर वेगळंच दिसत होतं. वरचं छप्पर अंगावर आल्यासारखं. बोळ लांबच लांब. सगळीकडे मिट्ट काळं, फक्त दाराखालून उजेडाची एक रेघ. मग त्याने कोणाला तरी दार उघडायला लावलं. आधी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज. मग ती रेघ रुंद व्हायला लागली, जमिनीवरून सरपटत आली. आणि बाईच्या आधी बाईची सावली आत आली, लांबलचक, पार कॅमेऱ्याच्या नाकापर्यंत. धाकटी म्हणते, ‘ताई, मला माहीत होतं की दारात चहा देणारी उभी आहे. तरी मी मागे सरकले गं.’

पुन्हा तिला म्हणाला, ‘आता सांगा, या कॅमेऱ्यातून कोण बघतंय?’

‘कोण बघणार? तुम्ही. कॅमेरावाले साहेब.’

‘नाही. बाई घरी नव्हती, दार बंद होतं. मग इतक्या खाली, अंधारात, कोण बसलंय?’

धाकटीच्या अंगावर काटा आला. तेव्हा तिला कळलं, की इथे कॅमेरा म्हणजे बघणारा नाही, आधीपासून घरात असलेलं कोणीतरी आहे. बाई आत येऊन थबकते. खिडकीच्या फटीतून उजेडाची एक पट्टी येते, दोन बोटं रुंद, आणि ती बरोबर तिच्या डोळ्यांवर पडते. बाकी तोंड काळोखात. नुसते दोन डोळे. तिला आत, लांब, एक दिवा लागलेला दिसतो, जो तिनं लावलेला नाही. आपल्याला तो दिवा दाखवतच नाहीत! आपल्याला फक्त तिचे डोळे. आणि कॅमेरा छोट्या रुळांवरच्या गाडीवर चढवलेला, तो गोगलगायीसारखा तिच्याकडे सरकायला लागतो. इतका हळू, की सरकतोय हेसुद्धा आधी कळत नाही. म्हणजे जो कोणी घरात आहे, तो येतोय जवळ. पुढे काहीच नाही, इथेच पहिलं दृश्य संपलं. हेच सगळं. पण ते सगळं त्या दोन बोटांच्या उजेडावर उभं होतं.

आणि ती दोन बोटंच काही जागेवर पडेनात.

सकाळी काय व्हायचं, धाकटी खुणेवर उभी राहायची. बाहेर खिडकीपाशी शिडीमामा शिडीवर. मोठा दिवा, त्याच्यापुढे दोन काळ्या पाट्या, मध्ये फट. मामा फट वर करणार, खाली करणार, पट्टी धाकटीच्या डोळ्यांवर आली की ओरडणार, ‘बसली!’ कॅमेरावाला बघून म्हणणार, ‘बसली.’ खांब बाजूला. मॅडम खुणेवर. आणि पट्टी मॅडमच्या कपाळावर! पुन्हा म्हणायचा, ‘ताप बघायला आलीय का ही? पुन्हा!’ मग सगळं परत. मॅडम खोलीत, धाकटी खुणेवर. जेवणं झाल्यावर परत जमवलं, मॅडम आल्या, तर पट्टी नाकावर! ‘आता सर्दी झाली? पुन्हा!’

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी एकमेकांची तोंडं बघवेनात. कॅमेरावाला म्हणतो, दिवा हलतोय. शिडीमामा म्हणतात, दिवा खिळ्यानं ठोकलाय, कॅमेरा हलतोय. दोघे मिळून म्हणतात, मॅडम वाकून उभ्या राहतात. मॅडम म्हणतात, ‘मी? मी वाकते? माझ्या आईनं मला पाठीला पट्टी बांधून वाढवलंय.’ आणि पाय आपटत खोलीत. पुन्हानं त्या पायी अख्खी पेन्सिल खाल्ली.

आणि सगळ्यांचं एकमत कशावर, तर खांबावर! ‘खांबावर बरोबर पडतंय ना? मग खांब सोडून बाकी काहीतरी हलतंय.’ अगं, खांबच हलत होता! तो लोकरी कोट. सकाळी तुकडे नवे, फुगलेले. ही बाई खात्रीसाठी रोज एखादा जास्तच घालायची, म्हणजे मॅडमपेक्षा वर. आणि दिवसभर त्यावर उभी राहून दुपारपर्यंत तुकड्यांचा पार चोथा. म्हणजे मॅडमपेक्षा खाली. दिवा बिचारा जिथे डोळे दाखवले तिथे पडत होता.

तिला कधी कळलं म्हणतेस? दुसऱ्याच दिवशी दुपारी. बूट काढल्यावर तुकडे पापडासारखे चपटे झालेले बघितले तेव्हाच. मग बोलायचं ना? नाही. संध्याकाळी नवा कापून घातला, उरलेल्या बाहीचा. मी फोनवर कपाळ बडवून घेतलं. म्हटलं, ‘अगं बये, जाऊन सांग. तुझ्या पायापायी सगळे एकमेकांच्या उरावर बसलेत.’

‘उद्या जमेल ताई. उद्या घट्ट शिवून घालते.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘तर मी बसले. झालं समाधान?’

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

नाहीच जमलं. शिवलेले तुकडेही चेपायचे ते चेपलेच. दुपारी मॅडम खुणेवर आल्या, पट्टी परत नाकावर. पुन्हा या वेळी ‘पुन्हा’ म्हणालाच नाही. त्याची तीच जास्त भीती. सगळ्यांना तसंच थांबायला सांगून तो खिडकीपलीकडे शिडीपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, ‘मामा, रागावू नका. तुमचं वय झालंय. हात कापत असेल, तुम्हालाही कळत नसेल. उद्यापासून शिडीवर दुसरा कोणी चढेल. तुम्ही खाली बसा.’

खाली बसा म्हणाला.

शिडीमामा एक एक पायरी उतरले. भांडले नाहीत. एरवी कॅमेरावाल्याशी पाटीच्या एका खिळ्यावरून भांडणारा माणूस, नुसतं ‘बरं साहेब’ म्हणाला. आणि खाली येऊन त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, आणि आपलेच हात बघत राहिले. कापतायत का ते. चष्मा कपाळावर चढवून बघितले, परत डोळ्यांवर घेऊन बघितले.

धाकटी खिडकीच्या बाजूलाच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. तिला ते बघवेना. ती मला म्हणाली, ‘ताई, माणसाला दुसऱ्यानं काही म्हटलं तर तो सोसतो. पण त्यांचा स्वतःच्या हातावरचाच विश्वास गेला गं. माझ्या पायांमुळे.’

आणि मग ती चिडली. कोणावर? स्वतःवर. पण धाकटी स्वतःवर चिडली की दुसऱ्यांवर ओरडते, लहानपणापासूनचं आहे ते. खुणेवर जाऊन, मॅडमच्या शेजारी, मटकन जमिनीवर बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली.

‘मावशी, काय करताय?’ कॅमेरावाला म्हणाला.

‘गप्प बसा. एवढे दिवस डोळा लावून बसलात, दिसलं काही तुम्हाला?’

आतून तिनं ते तुकडे ओढून काढले, घामानं ओले, दोरे लोंबणारे, आणि उठून आत आलेल्या पुन्हाच्या हातात कोंबले. ‘हा घ्या तुमचा हलणारा दिवा! सकाळी फुगतो, दुपारी चेपतो. मामांच्या हाताला काही झालेलं नाही. मी उतरलेय. इतकी उतरलेय,’ आणि दोन बोटं त्याच्या नाकासमोर धरली. ‘त्या माणसाला काय बोलता? मला बोला. आणि काढायचं तर मला काढा.’

पुन्हा त्या तुकड्यांकडे बघतोय, काय आहे ते त्याला कळायलाच वेळ लागला. आणि पहिल्या बोलल्या मॅडम.

‘म्हणजे मी वाकत नव्हते!’

‘नाही हो बाई, तुम्ही सरळच आहात.’

‘तीन दिवस मला सगळे म्हणतायत ताठ राहा, ताठ राहा! माझी पाठ धरली! मी रोज तेल लावून झोपतेय!’ आणि मॅडम जे हसत सुटल्या, की पावडर करणारी बाई धावत आली.

शिडीमामा हसले नाहीत. ते आले तरातरा. धाकटीला वाटलं आभार मानणार. कसले आभार! ‘अहो बाई, मी दोन चष्मे बदलले! काल डॉक्टरकडे जाऊन आलो! घरी बायकोला सांगून ठेवलं, की आता माझं संपलं. आणि तुम्ही बुटात कोट घालून हिंडताय?’

‘माझ्या नवऱ्याचा कोट आहे तो.’

‘म्हणजे त्यालाही फसवलंत!’

पुन्हानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. ‘मावशी, हिरो बुटका असला की आम्ही त्याच्या पायाखाली फळ्या सरकवतो. तुमच्या डोळ्यांदेखत. त्या बघा, भिंतीला रचून ठेवल्यात. एक मागून घ्यायची ना!’

धाकटी म्हणाली, ‘हिरोला मागावी लागत नाही साहेब. मला मागावी लागली असती.’



शिडीमामांनीच मग भिंतीपासून एक पातळ फळी आणली, पुसली आणि पायानं खुणेवर सरकवली. ‘चढा.’

‘नाही चढत.’

‘चढा म्हणतो ना.’

‘सगळ्यांसमोर?’

‘नाही चढलात तर मी खाली उतरलोय तो खालीच राहीन. मग बसा दोघं मिळून गप्पा मारत. साहेबांची तीच इच्छा दिसतेय.’

चढली. अनवाणीच. तोंड असं, जसं कडू औषध पाजलंय. मामा शिडीवर गेले. पुन्हानं त्यांना अडवलं नाही, फक्त ‘सांभाळून’ म्हणाला, आणि मामा वरून म्हणाले, ‘तुम्ही पेन्सिल सांभाळा.’ पट्टी खाली आली, वर गेली, बसली. धाकटी उतरली, फळी काढली, मॅडम उभ्या राहिल्या. डोळ्यांवर बरोबर दोन बोटं उजेड. वर नाही, खाली नाही. कॅमेरा सरकायला लागला. मॅडमनी श्वास धरला, की आपोआप धरला गेला, कोण जाणे, पण सगळ्यांनीच धरला. संपलं तेव्हा सगळे पुन्हाच्या तोंडाकडे बघतायत. त्यानं तोंड उघडलं. आणि मिटलं.

तो सिनेमा आम्ही सगळे बघायला गेलो, दुपारच्या खेळाला. तिचा नवरा, सून, मी. ते दार उघडलं, सावली आली, पुढचा माणूस कागदाच्या पुडीतलं काहीतरी कुरकुर खात होता, त्याचा हात पुडीतच राहिला. ते डोळे आले. मला सगळं माहीत असून मी सुनेचं मनगट असं आवळलं, की तिची बांगडी रुतली. आणि धाकटी शेजारून म्हणते काय, ‘पट्टी बरोबर आहे. मॅडमनी पापणी हलवली.’ मागून कोणीतरी ‘शू’ केलं. तिचा नवरा माझ्याकडे वाकून म्हणाला, ‘त्या उजेडात माझा कोट आहे बरं का, वहिनी.’ मला वहिनी म्हणतो तो, का ते त्यालाच ठाऊक.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्या घरात काही सुखासुखी संपलंय?

पुढच्या सिनेमाची वेळ आली. पुन्हाचाच सिनेमा, त्याच मॅडम. फोन आला, सुनेनं घेतला. कोणीतरी नवी पोरगी बोलत होती, तिला काय ठाऊक. म्हणाली, ‘फळीवाल्या मावशी आहेत का?’ सुनेनं बिचारीनं तसंच्या तसं ओरडून सांगितलं, ‘आई, फळीवाल्या मावशींना बोलावतायत!’

झालं. धाकटी जी ओरडली, वाण्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल. ‘फळीवाली? जन्मभर खांब होते, आता फळीवाली? सांग त्यांना, फळीवाल्या मावशी बसल्या!’

आणि बसली. खरंच बसली गं. सून म्हणते, ‘आई, तुम्ही जा, मी डबा करून देते.’ जी सून बस बस म्हणायची, ती आता ऊठ ऊठ म्हणतेय, तर ही उठत नाही. तिकडे एक दिवस उभी करून बघायला दुसरी मुलगी आणली. उंच, सरळ, फळी नको, काही नको. पण थांबत नाही म्हणे. घडीत या पायावर, घडीत त्या पायावर, मध्येच फोन बघते. शिडीमामा स्वतः घरी येऊन गेले. चहा घेतला. म्हणाले, ‘बाई, त्या मुलीवर दिवा जमवणं म्हणजे वाऱ्याला कपडे घालण्यासारखं आहे. चला ना.’ ही म्हणते, ‘फळी बरोबर आणलीत का?’ त्या माणसानं कप खाली ठेवला, नमस्कार केला आणि गेला. तिचा नवरासुद्धा बोलला, जो टोमणा सोडून कधी बोलत नाही. म्हणाला, ‘दुसरा कोट देतो, पण जा.’

मी फोन केला तर म्हणते, ‘ताई, मी आपणहून बसले.’ खोटं आहे गं ते! आपणहून बसलेलं माणूस असं बसत नाही. ते टेकून बसतं, पाय पसरतं, चहा मागतं. ही खुर्चीच्या काठावर बसते, पाठ ताठ, मान वर, जशी आत्ता कोणी हाक मारील आणि उठायचं आहे. सून सांगते, दुपारी दाराच्या कडीपाशी जाऊन उभी राहते. अशी माणसं बसलेली असतात का?

माझं काही ती ऐकायची नाही. मोठ्या बहिणीचं ऐकलं तर तिचं नाव धाकटी कसलं. बाहेरच्याचं ऐकेल. म्हणून तर तुला हे लिहायला बसवलंय. तेव्हा जो कोणी हे वाचेल, त्यानं एवढं करावं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे सकाळी एक बाई येते, पिकलेले केस, पाठ सरळ, वांगी निवडताना अजिबात हलत नाही, तीच ती. तिला तुमच्या तोंडानं सांगा, माझं नाव सांगू नका. सांगा, की सोमवारी खरं काम सुरू होतंय, आणि शिडीमामा दिवा लावून शिडीवर बसलेत, पण त्या मुलीवर तो जमवायला त्या दिवसानंतर त्यांनी हातसुद्धा लावलेला नाही.